रक्तवाहिनी उघडली, मग आईचा हात का हलत नाही?

सांगलीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे. त्यांच्या आई ६१ वर्षांच्या. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या, मग जीभ जड झाली आणि सकाळी उजाडेपर्यंत शुद्ध हरपली. मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या बॅसिलर धमनीत गुठळी अडकली होती. साधारण नऊ तासांनी जांघेतून नळी घालून ती काढली. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, ‘रक्तप्रवाह पूर्ण सुरू झाला.’ आज आई जाग्या आहेत, सगळ्यांना ओळखतात. पण उजवा हात अजिबात हलत नाही आणि उजवा गुडघा फक्त थोडासा वाकतो. डावा हात उचलतात, पण तो थरथरतो आणि नेम चुकतो. मान एका बाजूला कलते. घशात श्वासाची नळी आहे, नाकातून जेवणाची. एकाच्या दोन वस्तू दिसतात. मध्येच कारण नसताना रडू कोसळतं. एमआरआयमध्ये पॉन्सच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या मधल्या भागाच्या, डाव्या बाजूला आणि डाव्या छोट्या मेंदूत इजा दिसते. मुलाचे प्रश्न तीन: गुठळी निघाली तर हालचाल का नाही? आई चालेल का, किती महिन्यांत? आणि आम्ही घरी काय करायचं?

गेली चोवीस वर्षं मी स्ट्रोकच्या रुग्णांची फिजिओथेरपी करते आहे. तुम्हाला सगळ्यात आधी जे ऐकायचं आहे ते आधी लिहिते. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून आई पुन्हा पावलं टाकतील, निदान आधाराने, अशी आशा धरायला खरीखुरी जागा आहे. उजव्या हाताच्या बोटांबद्दल मात्र आज कुणी ठामपणे ‘हो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका, आणि ठामपणे ‘नाही’ म्हणालं तरीही ठेवू नका. मी आईंना प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचे डॉक्टर आणि फिजिओ जे सांगतील ते माझ्या लिहिण्याच्या वर.

पण माझा तुम्हाला उलट एक प्रश्न आहे. तुम्ही इतकं बारकाईने लिहिलंत, त्यात ही एक गोष्ट कुठेच आली नाही. आई पलंगाच्या कडेला, पाय खाली टेकवून, कुणीही न धरता किती सेकंद बसतात? बहुतेक घरांमध्ये सगळ्यांचे डोळे हाताच्या बोटांवर लागलेले असतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून धड बघते. ते का, हे सांगण्यासाठीच एवढं लांब लिहिते आहे.

आधी तुमचा पहिला प्रश्न. तुमच्याकडे ठिबक असेलच. फिल्टरशी कचरा अडकला आणि मेन लाइन बंद पडली, असं समजा. नऊ तासांनी तुम्ही तो काढलात, मेन लाइनमध्ये दाब परत आला. पण म्हणून प्रत्येक ड्रिपर सुरू झाला का? काही चोक झालेले असू शकतात. काही रोपं तेवढ्या वेळात नुसती कोमेजली होती, ती संध्याकाळपर्यंत ताठ होतात. काही मात्र वाळलीच. बॅसिलर धमनीतून पॉन्समध्ये केसासारख्या बारीक फांद्या थेट शिरतात आणि त्यांना पर्यायी वाट फारशी नसते. जांघेतून केलेल्या उपचाराने मेन लाइन उघडते. त्या बारीक फांद्यांपर्यंत कुठलंही साधन पोचत नाही. म्हणून अँजिओग्राफीचा फोटो सुंदर आणि समोरचा हात निपचित, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. डॉक्टरांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही.

आणि तो उपचार वायाही गेलेला नाही. बॅसिलर धमनी पूर्ण बंद पडणं हा स्ट्रोकच्या सगळ्यात जीवघेण्या प्रकारांपैकी एक. २०२२ मध्ये चीनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ‘अटेंशन’ या चाचणीत ३४० रुग्ण होते, सगळे झटक्यापासून १२ तासांच्या आतले. ज्यांची गुठळी काढली त्यांच्यातले ४६ टक्के तीन महिन्यांनी दुसऱ्या माणसाच्या आधाराशिवाय चालण्याच्या पातळीला किंवा त्याहून चांगल्या अवस्थेत होते. फक्त औषधांवर ठेवलेल्यांमध्ये २३ टक्के. मृत्यूचं प्रमाण ३७ टक्के विरुद्ध ५५ टक्के. ‘बाओचे’ या दुसऱ्या चाचणीत ६ ते २४ तासांमध्ये उपचार झाले होते, तिथेही ४६ आणि २४ टक्के असाच फरक निघाला. हे आकडे मी घरच्यांना दोन कारणांसाठी सांगते. एक, तुम्ही आईंना धावत मोठ्या हॉस्पिटलात नेलंत, त्याने खरोखर फरक पडला. दोन, गुठळी निघूनही निम्म्याहून जास्त लोक तीन महिन्यांच्या टप्प्यावर त्या पातळीला पोचलेले नव्हते. म्हणजे पाचव्या आठवड्यात आई अंथरुणावर आहेत यात काही विपरीत घडलेलं नाही, आणि यात तुमच्या कुणाचीही चूक नाही.

आता पॉन्सबद्दल थोडं. मेंदूचा देठ, ज्याला आपण ब्रेनस्टेम म्हणतो, त्याचा हा मधला भाग. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या सगळ्या तारा एवढ्याशा जागेतून दाटीवाटीने खाली उतरतात. शिवाय चेहरा, डोळ्यांची हालचाल, गिळणं, श्वास आणि तोल यांची केंद्रं याच देठात खालीवर बसलेली. त्यामुळे वाटाण्याएवढी इजासुद्धा माणसाला आडवं करते. पण यालाच दुसरी बाजू आहे. विचार करणारा, आठवणारा, ठरवणारा वरचा मेंदू तुमच्या आईंच्या बाबतीत शाबूत आहे. त्यांना शब्द सापडत नाहीत असं नाही, ओठ-जीभ-घसा ऐकत नाहीत. हालचाल परत मिळवणं म्हणजे पुन्हा शिकणं, आणि शिकणारा मेंदू जागेवर आहे ही मोठी पुंजी आहे. वरच्या मेंदूच्या मोठ्या स्ट्रोकमध्ये कित्येकदा रुग्णाला आपली एक बाजू आहे हेच भान राहत नाही. तिथे शिकवणं फार अवघड जातं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. पॉन्सला दोन्ही बाजूंनी इजा झाली तर माणूस पूर्ण शुद्धीत असतो, ऐकतो, समजतो, पण पापण्या आणि डोळ्यांची वरखाली हालचाल सोडली तर काहीच हलवू शकत नाही. या अवस्थेला ‘लॉक्ड-इन’ हे नाव प्लम आणि पोस्नर या दोन न्यूरॉलॉजिस्टनी १९६६ मध्ये दिलं. तुमच्या आई त्या अवस्थेत नाहीत. पण घशात नळी असलेला, न बोलणारा माणूस दिसला की आपण नकळत त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागतो. खर्चाबद्दल, जमिनीबद्दल, ‘आता कसं होणार’ याबद्दल. असं करू नका. त्यांना सगळं कळतं. ‘हो’साठी वर बघायचं, ‘नाही’साठी डोळे मिटायचे, एवढं ठरवून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकांनी बोलता यायला लागल्यावर पहिलं काय सांगितलं असेल, तर आयसीयूमध्ये कोण काय बोललं होतं ते.

आता धड. बोटांची नाजूक हालचाल जवळजवळ पूर्णपणे विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येणाऱ्या एकाच वाटेवर अवलंबून असते. ती वाट तुटली की पर्याय कमी. पण पाठ, पोट, कंबर या मधल्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून निरोप पोचतात. म्हणून हालचाल साधारणपणे मधून बाहेर परतते: आधी मान आणि धड, मग कंबर आणि मांडी, मग खांदा, आणि बोटं सगळ्यात शेवटी. हा काही कायदा नाही, अपवाद मी पाहिले आहेत. पण बहुतेकदा क्रम हाच. नितंब आणि मांडीला जीव येऊ लागला आणि आधाराविना बसता आलं, तर पुढे चालण्याची शक्यता बरीच वाढते. यावरचे नेमके अभ्यास प्रामुख्याने वरच्या मेंदूच्या स्ट्रोकवर झालेत, त्यामुळे त्यांचे टक्के मी तुमच्या आईंना लावणार नाही. दिशा मात्र तीच. तुम्ही लिहिलंय की उजवा गुडघा थोडा वाकतो. ही ओळ वाचून मला बरं वाटलं. आता हे बघा: उताणं झोपवून दोन्ही गुडघे उभे धरले तर आई कंबर गादीवरून बोटभर तरी उचलतात का? आणि उजवी टाच गादीत दाबा म्हटलं तर मांडीत काही जाणवतं का? गुडघा वाकण्यापेक्षा हे दोन जास्त महत्त्वाचे, कारण उभं राहायला वाकवणारे स्नायू नाही, ताठ करणारे लागतात.

बसवायचं कसं, ते नीट सांगते, कारण घाई इथेच नडते. डॉक्टरांनी बसवायला परवानगी दिली आहे ना, ते आधी विचारा. पलंग एवढा खाली हवा की पावलं पूर्ण जमिनीवर टेकतील. नसेल तर खाली पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवा. लोंबकळत्या पायांनी कुणालाच तोल सापडत नाही. आधी डोक्याकडची बाजू उंच करून दहा मिनिटं जाऊ द्या, मग कुशीवर वळवून पाय खाली सोडा आणि खांद्याच्या पाठीमागून आधार देत उठवा. बगलेत हात घालून किंवा उजवा हात ओढून कधीही नाही. एक माणूस समोर, एक उजवीकडे. समोर भिंतीवर एक उभी रेघ असू द्या, दाराची चौकट चालते. डोळ्यांना उभं काय आहे हे दिसलं की कलणारं डोकं सावरायला मदत होते. छोट्या मेंदूला आणि देठातल्या तोलाच्या केंद्राला इजा झाली की रुग्णाला आपण सरळ बसलोय असं वाटतं तेव्हा तो खरा कललेला असतो. ‘नीट बस’ असं ओरडून उपयोग नसतो; त्यांच्यासाठी ते नीटच असतं. चौकटीकडे बघून स्वतःला सरळ करायला शिकवावं लागतं.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरेत. चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, डोळे फिरले, श्वास लागला किंवा श्वासाच्या नळीतून भरभरून कफ आला तर लगेच आडवं करा. सुरुवातीचे काही दिवस बसवण्याआधी आणि बसवल्यावर बीपी मोजा. या स्ट्रोकमध्ये उठल्यावर बीपी पडणं नेहमीचं आहे, आणि मेंदूच्या मागच्या भागाला ते सोसत नाही. पाच मिनिटं जमली की तीच दिवसातून पाच-सहा वेळा करा, मग एकेक वेळ वाढवा.

इथे ‘अॅव्हर्ट’ नावाच्या चाचणीबद्दल सांगायला हवं. २०१५ मध्ये तिचा निकाल आला, २१०४ रुग्ण होते. आम्हा फिजिओंची समजूत होती की स्ट्रोकनंतर पहिल्या चोवीस तासांतच जोरात उठवाबसवी सुरू केली तर फायदाच होईल. निकाल उलटा आला: फार लवकर आणि फार जास्त उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी थोडी वाईट होती. पुढच्या विश्लेषणात दिसलं की थोडा थोडा वेळ, पण वारंवार, हे बरं. माझी काम करण्याची पद्धत त्याने बदलली. तुमच्या आई आता पाचव्या आठवड्यात आहेत, तो पहिला नाजूक काळ गेला. आता मात्र हात आखडून चालणार नाही, मेहनत वाढवायचीच आहे. पण एकदम दोन तासांचा मारा करून दुपारभर ग्लानीत पडू देण्यापेक्षा वीस वीस मिनिटांचे पाच तुकडे करा, मध्ये झोप होऊ द्या. ब्रेनस्टेम स्ट्रोकचा थकवा बाहेरून दिसत नाही आणि तो आळस नसतो.

हाताकडे येते. तुमच्या पत्रात ‘डावा हात चांगला आहे’ असं वाक्य आहे. तो चांगला नाही, तो वेगळ्या तऱ्हेने बिघडलेला आहे. डाव्या पॉन्समुळे उजवी बाजू कमजोर झाली, कारण तारा पॉन्सच्या खाली जाऊन बाजू बदलतात. छोटा मेंदू मात्र आपल्याच बाजूचं अंग सांभाळतो, म्हणून डाव्या छोट्या मेंदूच्या इजेने डावा हात थरथरतो आणि नेम चुकतो. एका बाजूला ताकद नाही, दुसऱ्या बाजूला ताकद असून ताळमेळ नाही. घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मग त्या ‘चांगल्या’ हाताने चमचा धरायला लावतात, सगळं सांडतं आणि आईंना वाटतं आपण अगदीच निकामी झालो.

डाव्या हाताला शक्ती वाढवणारे व्यायाम नकोत, सावकाश आणि अचूक हालचाल हवी. कोपर टेबलावर टेकवा, म्हणजे खांद्याचा हेलकावा कमी होतो. समोर एक वाटी ठेवा. मोजत मोजत, एक-दोन-तीन-चार, वाटीपर्यंत जायचं, स्पर्श करायचा, तेवढ्याच सावकाश परत यायचं. पायासाठीही तसंच: टाच जमिनीवर काढलेल्या रेघेवरून सरकवायची. फ्रेंकेल नावाच्या स्विस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच व्यायामांची मांडणी केली होती आणि आम्ही अजून तेच वापरतो. थकल्यावर थरथर वाढते, तेव्हा थांबायचं.

उजव्या हातात रोज दोन गोष्टी शोधा: खांदा बाजूला उचलायचा प्रयत्न करताना एखादी चुणूक दिसते का, आणि बोटं उघडताना काही हलतं का. उघडताना म्हणते आहे, मिटताना नाही. मूठ मिटणं सहसा आधी येतं आणि घरात आनंद होतो, मग कुणीतरी रबरी चेंडू आणून देतं. तो चेंडू कृपा करून बाजूला ठेवा. मिटणारे स्नायू पुढे जाऊन तसेही आखडतात. आपल्याला उघडणारे हवेत. त्याऐवजी आईंचा तळवा टेबलावर सपाट ठेवा, त्यावर तुमचा हात, आणि दोघांनी मिळून टॉवेल पुढे सरकवा. हात स्वतःहून हलत नसला तरी आईंनी मनात ‘सरकव’ म्हणून जोर लावायचाच. नुसता दुसऱ्याने हलवलेला हात सांधे मोकळे ठेवतो, शिकत नाही.

खांदा जपा. उजव्या खांद्याचे स्नायू लुळे असल्यामुळे हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो. एकदा तो दुखायला लागला की सहा महिने दुखतो आणि आई तुम्हाला हात लावू देत नाहीत. बसवल्यावर उजवा हात नेहमी उशीवर किंवा टेबलावर, कधी लोंबता नाही. मालिशवाल्या बाई रोज येतात असं तुम्ही लिहिलंय. हलक्या हाताने तेल लावलं तर आईंना बरं वाटेल, त्याला माझी ना नाही. पण मालिश म्हणजे व्यायाम नव्हे, आणि पोटरी जोरात रगडणं तर धोक्याचं. पाच आठवडे पडून असलेल्या पायाच्या खोल शिरेत गुठळी असू शकते. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटली तर मालिश, व्यायाम दोन्ही बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

येत्या काही आठवड्यांत उजव्या बाजूला कडकपणा येईल: कोपर वाकेल, मूठ घट्ट होईल, पाऊल खाली वळेल. थोडा कडकपणा वाईट नसतो, पुष्कळ जण त्याच कडक पायावर पहिल्यांदा उभे राहतात. तो सांधे आखडायला लागला, स्वच्छता करता येईना किंवा दुखू लागलं की मग स्नायू सैल करणारी बॅक्लोफेनसारखी औषधं किंवा ठराविक स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं यांचा विचार डॉक्टर करतात. गोळ्यांनी झोप येते आणि धड पुन्हा ढिलं पडू शकतं, म्हणून ‘औषध सुरू केल्यापासून बसणं बिघडलं’ असं दिसलं तर लगेच सांगा. टाच आखडू नये म्हणून पाऊल काटकोनात ठेवणारी पट्टी आतापासूनच बनवून घ्या.

गिळणं, श्वास आणि डोळे हे तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंत; माझ्या मते ते हाताच्या आधी येतात. छातीत जंतुसंसर्ग झाला की पंधरा दिवसांची कमाई दोन दिवसांत जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. नाकातली नळी काढायची घाई करू नका, आणि ‘दोन चमचे पाणी पाजून बघू’ हे तर अजिबात नको. या स्ट्रोकमध्ये अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येतोच असं नाही. शांतपणे आत जातं. गिळण्याची तपासणी दुर्बिणीने किंवा एक्स-रेखाली करून घ्या आणि मगच तोंडाने सुरू करा. परवानगी मिळाल्यावर लक्षात ठेवा, पातळ पाणी, चहा, ताक सगळ्यात अवघड. दाटसर नाचणीचं सत्त्व, घोटलेला मऊ भात सोपा. आमटीत कुस्करलेली चपाती आपल्याला मऊ वाटते, पण त्यात घट्ट आणि पातळ एकत्र असतं, म्हणून ती फसवते. पोहे, चुरमुरे, शेंगदाण्याचा कूट कितीतरी दिवस नाही. आणि इथेही धड येतं: मान सरळ, पाठ ताठ असेल तर गिळणं सुधारतं, खोकला जोरात येतो, कफ निघतो आणि घशातली नळी काढण्याचा दिवस जवळ येतो.

दोन वस्तू दिसतात तोवर तोल शिकवणं म्हणजे हलत्या होडीत उभं राहायला शिकवणं. व्यायामाच्या वेळी एक डोळा झाका, आज डावा तर उद्या उजवा. चेहऱ्याच्या डाव्या बाजूची पापणी पूर्ण मिटते का तेही बघा. मिटत नसेल तर दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम आणि पट्टी, नाहीतर बुबुळाला जखम होते. कारणाविना येणाऱ्या रडण्याबद्दल एवढंच: ते बहुतेकदा दुःख नसतं, भावना बाहेर पडण्यावरचा ताबा सुटलेला असतो. त्या रडल्या की घरभर रडू नका, विषय बदला, दोन श्वास घ्यायला लावा. त्यावर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांगा. खरं नैराश्यही येऊ शकतं, तेव्हा दोन्ही तपासायला हवं.

कुणीतरी तुम्हाला स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायचा विचार चाललाय. विकू नका. स्ट्रोकनंतर हालचाल परत यावी म्हणून सिद्ध झालेला असा उपचार आज नाही. साध्या गोळ्यांचीही गोष्ट ऐका: फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी हालचालही सुधारते, अशी काही वर्षं मोठी आशा होती. मग २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३१२७ रुग्णांवरच्या ‘फोकस’ चाचणीचा निकाल आला, २०२० मध्ये आणखी दोन. सहा महिने गोळी घेऊनही हातापायांच्या कामात फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. आशा कितीही मोठी असली तरी तपासून बघावी लागते. तेच पैसे योग्य उंचीच्या हातांच्या खुर्चीवर, कमोड चेअरवर, पायाच्या पट्टीवर आणि रोज येणाऱ्या प्रशिक्षित फिजिओवर खर्च करा. जमलं तर काही आठवडे पुनर्वसन केंद्रात भरती करा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे चौकशी करून बघा. फिजिओ घरी येऊन पाऊण तास देतात, उरलेले तेवीस तास तुमचे असतात. म्हणून त्यांना सांगा, ‘आईंकडून करून घ्याच, पण आम्हालाही शिकवा.’

किती महिने? पहिले तीन महिने वेग जास्त असतो. तोवर सूज उतरते, कोमेजलेला भाग सावरतो आणि उरलेल्या तारा नवीन कामं शिकतात. पण सहा महिन्यांनी दार बंद होतं, हे जे सर्रास सांगितलं जातं ते मला मान्य नाही. ब्रेनस्टेमच्या रुग्णांमध्ये वर्ष उलटल्यावर बोलणं स्पष्ट झालेलं, दीड वर्षाने वॉकर सुटलेला मी पाहिला आहे. वेग मंदावतो, आठवड्याचा हिशेब महिन्यावर जातो. उलट, सहा महिने मन लावून काम करूनही हाताची बोटं उघडली नाहीत तर त्या हाताकडून कागद दाबून धरण्याइतपत मदत घ्यायला आणि बाकी कामं डाव्या हाताने करायला शिकवणं, ही मी हार मानत नाही. आईंना स्वतः संडासला जाता आलं तर त्यांच्यासाठी ते बोटांपेक्षा मोठं असेल. त्यांनाच विचारा.

गुठळी कुठून आली होती, हे डिस्चार्जच्या कागदांत बघा आणि लिहिलं नसेल तर विचारा. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने आली असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधं वेगळी, धमनीच अरुंद होऊन ती उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, टाकला असेल तर वेगळी. दात काढायचाय, लग्नाला जायचंय, गोळी संपलीय, कुठल्याही कारणाने ती स्वतःहून बंद करू नका. आणि नव्याने चक्कर, वाढलेला दुहेरीपणा, आवाजातला बदल, अचानक गुंगी यातलं काही दिसलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नका, सरळ त्याच हॉस्पिटलात न्या.

आता एक वही करा. उद्यापासून रोज सकाळी, नळीतलं दूध देण्याआधी, आईंना कडेला बसवा, पाठीमागचा हात हळूच सोडा आणि मोजा. किती सेकंद बसल्या, कुठल्या बाजूला कलल्या, स्वतः सावरल्या की तुम्ही धरलं, एवढंच लिहा. पंधरा दिवसांची पानं झाली की मला पाठवा; उभं कधी करायचं ते त्यावरून आपण तुमच्या फिजिओंशी बोलून ठरवू.